म्हशीच्या वाट्याचा कोंडा

हिंदुरावनाना लग्नाच्या पंगतीला शेजारी बसले की आपल्या भातावर हात आडवा धरायचा असतो. आमच्या कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवख्या पाहुण्याला ठाऊक नसतं. तो बिचारा भाताचं आळं करून वरणवाल्याची वाट बघत असतो. तेवढ्यात नाना शर्टाच्या खिशातून स्टीलची बारकी डबी काढतात, अंगठ्याने झाकण उडवतात आणि त्याच्या आळ्यात चिमूटभर तांबूस भुकटी सोडतात. पाहुणा दचकतो. नाना त्याच्या कानाशी लागून म्हणतात, "खावा पावनं, बिनघोर खावा. तांदळाचा जीव हाय त्यो. ह्या आचाऱ्यानं जीव म्हशीला घातला आन् मढं तुमाला वाढलंय."

मंगल कार्यालयात असलं काही बोलू नये, हे नानांना आजवर कोणी पटवू शकलेलं नाही. मलकापुरातल्या एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी 'मढं' एवढंच ऐकलं आणि ते बाह्या सावरत आले. नाना उठून उभे राहिले, मामांना कडक सलाम ठोकला आणि म्हणाले, "तुमाला न्हाई मामा, भाताला म्हनलो." मग मामांच्याही ताटात चिमूट पडली.

ती भुकटी म्हणजे भाजलेला तांदळाचा कोंडा. भाताच्या दाण्यावरचं टरफल, ज्याला तूस म्हणतात, ते नव्हे. टरफल निघाल्यावर तांदूळ पांढराशुभ्र करताना त्याच्या अंगावरून जो तांबूस, पिठासारखा थर खरवडला जातो, तो कोंडा. आमच्या भागात तो पिढ्यान्‌पिढ्या जनावरांना घालतात. नानांच्या मते मनुष्यजातीने केलेली ही सगळ्यात मोठी चूक आहे.

मी हायस्कुलात मराठी शिकवते आणि भातावर माझा जीव आहे. वाफाळलेला इंद्रायणी, वर साजूक तूप, लिंबाची फोड. त्यात कोणी बोट घातलेलं मला खपत नाही. त्यामुळे नाना समोरच्या घरात राहायला आले तेव्हा मी त्यांच्यापासून चार हात लांब राहायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही, कारण नाना लांब राहू देत नाहीत.

नाना फौजेत लंगरवर होते, म्हणजे स्वयंपाकी. सारी नोकरी मोठमोठ्या देगांमध्ये भात शिजवण्यात गेली. कुठल्याशा डोंगरी ठाण्यावर त्यांच्या लंगराशेजारी खेचरांचा तबेला होता. जवान सर्दी-खोकल्याने बेजार, आणि खेचरं तुकतुकीत. नानांना हे बघवेना. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरसाहेबांना विचारलं, साहेब, ह्यांना तुम्ही देता तरी काय? साहेब म्हणाले, तांदळावरून तुम्ही जे उतरवून टाकता, तेच ह्यांच्या रतिबात असतं. "बाई, माज्या हातातनं झारा पडला," नाना सांगतात. "तवा कळलं, खेचराला वळखू आलं ते मला आलं न्हाई."

तेव्हापासून नानांनी कोंड्याचा ध्यास घेतला. निवृत्त होऊन मलकापुरात आल्यावर त्याला बहर आला. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक सकाळी फुलं टाकतात. नाना आवाजी निरोप टाकतात. "समस्त कॉलनी, ध्यान द्या. ब जीवनसत्त्व कोंड्यात. लोह कोंड्यात. चोथा कोंड्यात, पोट साफ. त्याल बी कोंड्यात. मग तांदळात ऱ्हायलं काय? पांढरा रंग. जय हिंद." हे ऐकतच माझे यजमान दाढी करतात.

एकदा त्यांनी मला पाटण रस्त्यावरच्या भाताच्या गिरणीत नेलं. मी चेष्टेच्या तयारीने गेले होते. यंत्राच्या एका तोंडातून पांढरा तांदूळ पडत होता, दुसऱ्यातून कोंडा. नानांनी माझी ओंजळ त्या दुसऱ्या तोंडाखाली धरली. कोंडा ऊन होता. लहान पोराच्या कपाळासारखा ऊन. मी मूठ मिटली आणि उघडली तर तळहाताला तेलाची तुकतुकी आली होती.

"दाना म्हंजी गर्भार बाई," नाना यंत्राच्या आवाजावर ओरडून म्हणाले. "आतल्या कोंबाला लागंल ते समदं तिनं अंगावर बांधून ठिवलंय. आपुन येतो आन् नेमकं तेच खरवडतो."

इतकी वर्षं मी भात जेवते, पण दाण्याने स्वतःच्या लेकरासाठी शिदोरी बांधलेली असते, असं कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या धुळकट गिरणीत मला देवळात वाटावं तसं वाटलं. खरं सांगते, मी ओंजळ लगेच रिकामी केली नाही.

पण नाना थांबू देतील तर ना. कोंडा यंत्रातून बाहेर पडला की त्याचं मरण सुरू होतं, हे त्यांचं म्हणणं. आज भाजला तर अमृत, उद्या खवट. म्हणून पिशवी स्कूटरच्या पायाशी ठेवून नाना रुग्णवाहिकेसारखे हॉर्न वाजवत घरी येतात, मागच्या अंगणात चुलवण पेटवलेलं असतं त्यावर कढई चढवतात आणि मंद आचेवर उलथनं फिरवत बसतात. हळूहळू खमंग वास सुटतो. तो वास आला की मी माझ्या स्वयंपाकघराची खिडकी उघडते. पूर्वी लावून घेत असे.

गिरणीत नानांचा एकच वैरी होता, बाळू गवळी. त्याचा गोठा कॉलनीच्या मागेच आहे, आणि तोही कोंडा न्यायला तिथेच यायचा. नाना त्याच्या पोत्याला हात लावून कळवळायचे. "म्हशीच्या तोंडात जीवनसत्त्व घालतोस व्हय रं? मानसं काय मेली का?" बाळू शांतपणे पोतं उचलायचा. "नाना, म्हस खाऊन गप ऱ्हाती. मानसं खाऊन तोंड वाकडं करत्यात." यावर नाना आठवडाभर त्याच्याकडचं दूध बंद करायचे.

अशा या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र कोंडा शिजत नसे. मला हे फार उशिरा कळलं. भाजणं अंगणात, डबा अंगणातल्या फळीवर, डबी खिशात. उंबऱ्याच्या आत कोंड्याला मज्जाव. माई, म्हणजे नानांच्या पत्नी, बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कोंड्याबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर काढलेलं मी ऐकलं नव्हतं. नाना कॉलनीभर कोंड्याचे लाडू वाटायचे, तेव्हा माई आत तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. मला वाटायचं, पिकतं तिथं विकत नाही, त्यातला प्रकार.

मग गौरी आल्या. पहिल्या दिवशी गौरीला भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. माईंना देवपूजेत गुंतलेलं बघून नानांनी भाकरीच्या पिठात कोंडा मिसळून ठेवला. नंतर मला म्हणाले, "गौर लांबनं चालत आलेली, तिला ताकद नगं?" पण खरा बेत वेगळा होता. नैवेद्याची भाकरी प्रसाद म्हणून घरची सवाष्ण खाते, आणि प्रसादाला कोणी नाही म्हणत नाही. लंगरवाल्याने मोठा डाव टाकला होता.

मी हळदीकुंकवाला गेले होते, त्यामुळे पुढचं माझ्यासमोर घडलं. माईंनी पहिला तुकडा तोंडात घातला आणि त्या थांबल्या. नाना दारात उभे होते, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे. माईंनी दुसरा तुकडा मोडला, तिसरा मोडला. अख्खी भाकरी संपवली, ताटातला चुरासुद्धा बोटाने टिपून खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलं नाही. मग ताट उचलताना एवढंच म्हणाल्या, "माहेरवाशिणीला कोंडा घालत्यात व्हय?"

नाना दारातून बाजूला झाले.

दोन दिवसांनी, गौरी गेल्यावर, माईंनी मला ओट्यावर बसवून सांगितलं. कोयनेकडच्या डोंगरात त्यांचं माहेर. आई दुसऱ्यांच्या घरी भात कांडायला जायची. तांदूळ मालकाच्या कणगीत, कण्या मालकाच्या कोंबड्यांना, आणि कांडणारणीला कोंडा. त्याच्या भाकऱ्या, त्याचीच पेज. "आईनं त्याचा कधी मांडा केला, कधी काय केला. पर कोंडा तो कोंडाच, बाई. खाऊन खाऊन जिभंची सालं निघाली हुती." नाना बघायला आले तेव्हा मोठ्या माणसांनी विचारलं, पोरीला काही विचारायचं आहे का. माईंनी विचारलं, तुमच्याकडं भात कसला शिजतो? नाना म्हणाले, पांढरा. आणि वर म्हणाले, माझ्या घरात तुला कोंडा कधी खायला लागणार नाही.

"ह्यांनी तवा शबुद दिला," माई म्हणाल्या. "आन् नंतर ह्यांना कोंडा कळला. आता ह्यात चूक कुनाची म्हनायची?"

ज्या माणसाला जगातली सर्वांत मोलाची वस्तू सापडलीय असं वाटतं, त्याला ती नेमकी आपल्या माणसाला देता येत नव्हती. म्हणून तो पंगतीपंगतीतून परक्या ताटांत सोडत फिरत होता. मी त्यांच्या डबीला किती हसले होते. आता हसू येईना.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माई आजारी पडल्या. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली. भाकरी नको, भात नको, खिमट नको. हाडांवर नुसती कातडी राहिली. धरून उठवलं तरी पाय थरथरायचे. कराडचे डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम झालं, आता ह्यांनी खाल्लं तरच ह्या उठतील. खाल्लं नाही तर अवघड आहे. पोटात राहत होतं ते फक्त दूध, तेही पेलाभर.

नाना खिशातली डबी मुठीत धरून ओट्यावर बसलेले असायचे. ग्रुपवर त्यांचा आवाज बंद झाला. मी न राहवून म्हटलं, "नाना, दुधातच चमचाभर कोंडा वस्त्रगाळ करून घाला की. ताकद येईल. एवढ्या आजारात त्यांना काय कळणार?"

नानांचा कोंड्यावर केवढा विश्वास होता, ते मी गिरणीत पाहिलं होतं. त्यांच्या हातात औषध होतं, निदान त्यांच्या लेखी तरी होतं, आणि बायको डोळ्यांसमोर झिजत चालली होती.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "शबुद दिलाय. एकदा मोडला तवा तिनं रडत खाल्लं. पुन्यांदा तसं बघाया माज्यात दम न्हाई."

त्यानंतर नाना सकाळचे दिसेनासे झाले. अंगणातलं चुलवण मात्र पेटायचं, वास यायचा. एके दिवशी बाळूचं दूध आलं नाही म्हणून मी किटली घेऊन गोठ्याकडे गेले, तर आत नाना. उकिडवे बसले होते. पुढ्यात घमेलं, घमेल्यात भाजलेला कोंडा, आणि बाळूची काळी म्हैस त्यात तोंड घालून खात होती. नाना तिच्या कपाळावरून हात फिरवत होते. "खा गं बाय. निवांत खा. समदं खा."

बाळू दाराला टेकून उभा होता. मला बघून हळूच म्हणाला, "म्हशीला भाजून लागत न्हाई, बाई. किती सांगितलं. पर म्हनत्यात, तिच्यातनं पुढं कुनाला जायाचं हाय, कच्चं कसं घालू?" त्याने हसू आणायचा प्रयत्न केला, ते आलं नाही. दूध काढल्याबरोबर त्याच म्हशीच्या दुधाचा पहिला पेला झाकून नाना माझ्यासमोरून गेले. मला त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

म्हशीच्या तोंडी कोंडा घालणाऱ्याला शिव्या देण्यात ज्याने म्हातारपण घालवलं, तो माणूस रोज तिच्यासमोर उकिडवा बसत होता. मी खूप शिकलेली माणसं पाहिलीत, भक्ती करणारीही पाहिलीत. असं वाकणं मी पाहिलं नव्हतं. किटली रिकामीच घेऊन मी परत आले.

माईंचा पेला वाढला. सकाळी एक होता, त्याला संध्याकाळच्या पेल्याची जोड मिळाली. मग एक दिवस त्यांनी पेजही मागितली. ते कोंड्यामुळे, की दुधामुळे, की आजार आपला आपण हटला म्हणून, हे मला विचारू नका. मला कळत नाही.

परवा मी बघायला गेले, तर माई उशीला टेकून बसल्या होत्या. नाना बाहेर ओट्यावर. माईंनी दुधाचा पेला दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"बाई, भाजलेल्या कोंड्याचा वास मला चुकंल का?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "रोज ह्यांच्या सदऱ्याला येतो. हाताला येतो. पैल्यांदा वाटलं, आता माज्या ताटात येनार. मी वाट बघत हुते. न्हाई आला." त्यांनी एक घोट घेतला. "मग बाळूकडनं म्हशीचं कळलं."

"नानांना सांगू?"

"नगा. त्यास्नी वाटतंय, मला ठावं न्हाई." पेला रिकामा करून त्यांनी माझ्या हातात दिला. वरच्या ओठावर सायीची रेघ राहिली होती. "नुसतं येवढंच म्हनावं, उद्यापास्नं दूध जरा जास्ती आना."

मी बाहेर येऊन नानांना तसं सांगितलं. त्यांनी डबी खिशातून काढली, तिचं झाकण उघडलं, मिटलं, परत खिशात ठेवली. मग गोठ्याच्या दिशेने बघत म्हणाले, "म्हशीचं लय उपकार हायत, बाई."