शनिवारची मोठी भरती

बंदर कचेरीतल्या शेवटच्या खोलीवर पाटी होती, 'भरती निरीक्षक'. आत बसणाऱ्या बाईंना सगळे भरतीबाईच म्हणत. खिडकीखाली पाण्यात रोवलेल्या पट्टीवर समुद्र किती चढला ते वाचायचं, वहीत लिहायचं आणि पुढची वेळ बाहेरच्या फळ्यावर टाकायची, एवढंच त्यांचं काम. समोरच्या नऊ छोट्या बेटांवर जाणाऱ्या होड्या त्या फळ्यावर चालत. वाटेत वाळू इतकी वर आलेली होती की भरतीशिवाय होडी पलीकडे जातच नसे. भरतीच्या दीड तास आधी होड्या सुटत, दीड तासानंतर परतत. म्हणजे बेटांवर जायची वेळ आणि पट्टीपाशी बसायची वेळ एकच.

त्यामुळे अकरा वर्षं हजारो माणसांना बेटांची वेळ सांगूनही बाई स्वतः एकदाही तिकडे गेल्या नव्हत्या. कुठला खडक किती वाजता बुडतो हे त्यांना तोंडपाठ होतं. पण एखाद्या आजोबांनी "तिथे सावली आहे का हो?" असं विचारलं, की त्या "असेल की" म्हणून वहीत डोकं घालत. दरवर्षी त्या मदतनिसासाठी अर्ज करत आणि दरवर्षी उत्तर येई, 'विषय विचाराधीन आहे.'

गुरुवारी होडीवाल्यांचा म्होरक्या खोलीत आला.

"बाई, तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. परवा नऊ माणसांची होडी चुकली आणि शिव्या खाल्ल्या मी. मोठं लिहा. आणि जरा दरडावून लिहा. गोड लिहिलेलं लोक वाचत नाहीत."

बाईंना ते पटलं. त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'शनिवारी मोठी भरती. सकाळी ११.४०. दीड तास आधी हजर राहावे. उशिरा येणाऱ्यांचा विचार केला जाणार नाही. भरती निरीक्षक.'

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. कुणीतरी फळ्याचा फोटो काढून चार जणांना पाठवला, त्या चारांनी चाळीसांना. फोटोत फळा आला होता, समुद्र आला नव्हता.

शनिवारी आठ वाजता बाई आल्या, तेव्हा रांग कचेरीला वळसा घालून धक्क्यापर्यंत गेली होती. इस्त्रीचे कपडे, भांग पाडलेले, हातात फायली. बेटांवर जायला लोक हल्ली फारच नटतात, असं बाईंना वाटलं. रांगेच्या तोंडाशी चष्मा लावलेली, चाळिशीला टेकलेली एक बाई होती.

"जागा किती आहेत, मॅडम?"

"पुष्कळ. साठ तरी आहेत. ढकलाढकली करू नका."

'साठ' हा शब्द रांगेतून वाऱ्यासारखा गेला.

"आणि वयाची अट?"

"अट कसली? पाच वर्षांखालच्यांना फुकट."

चष्मेवालीने हळूच विचारलं, "पाच वर्षांखालच्यांना... काय फुकट?"

बाईंनी तिच्या फायलीकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग फळ्याकडे.

"अहो, ही भरती समुद्राची आहे!"

"नौदलाची?" कुणीतरी आशेने विचारलं.

"पाण्याची हो!"

"पाणी खात्याची आहे रे!" आवाज मागे पोचला.

"तसं नाही," बाई शास्त्रशुद्ध सांगू लागल्या, "भरती येते आणि सहा तासांनी ओहोटी लागते."

"ऐकलंत?" मागून एक जण ओरडला. "घेणार आणि सहा तासांत काढून टाकणार!"

तेवढ्यात म्होरक्या धावत आला. "बाई, माझे पर्यटक तुमच्या रांगेत घुसलेत. एक जण तर लेखी परीक्षा आहे म्हणून माझंच पेन घेऊन गेला!" कचेरीचा शिपाई मात्र शांतपणे एकेक अर्ज घेऊन त्यावर 'मिळाला' असा शिक्का मारत होता. कागद पुढे आला की शिक्का मारायचा, हे तो एकोणीस वर्षं करत आला होता.

साडेअकराला फोन वाजला. मुख्य कचेरीतले, नेमणुका पाहणारे साहेब होते.

"तुमच्याकडे भरती चालू आहे म्हणे?"

"हो साहेब, चढतेच आहे."

"कुणाच्या परवानगीने?"

"परवानगी कशी घेणार? ती रोज दोनदा असते."

"रोज दोनदा! कोण करतं ही?"

"मुख्यतः चंद्र."

"हा चंद्र कोण? हुद्दा काय त्याचा?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा पस्तीस. अकरा वर्षांत एकही नोंद चुकली नव्हती. "साहेब, मला पट्टी..."

"फोन ठेवाल तर निलंबित करीन! चंद्राला बोलवा!"

चंद्राला बोलवता येणार नाही हे साहेबांना पटेपर्यंत बारा वाजायला आठ मिनिटं उरली. बाई धावत खिडकीखाली उतरल्या. चष्मेवाली ओल्या दगडावर पालथी पडली होती, नाक पाण्याला टेकायचं बाकी.

"सगळे गेले, मॅडम. तुमचं घड्याळाकडे बघणं दिसत होतं, म्हणून मी वाचत बसले." तिने फायलीची मागची बाजू पुढे केली. "लाटेनं पाणी हलतं, म्हणून दर वेळी दहादा वाचून सरासरी काढली. आणि डोळा पाण्याच्या रेषेत ठेवला. वरून पाहिलं की आकडा फसवतो. शाळेच्या प्रयोगशाळेत होते नऊ वर्षं. शाळाच बंद पडली."

बाईंनी आकडे पाहिले. मग तिच्या साडीवरचं शेवाळ पाहिलं. आपल्या अर्जात 'मदतनीस' लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे नेमकं हेच असायचं.

मंगळवारी साहेबांचा पुन्हा फोन आला. आवाज थकलेला होता. "अहो, त्रेसष्ट अर्जांवर शिक्के आहेत. त्रेसष्ट जणांना नाही म्हणायला त्रेसष्ट कारणं लागतात. एकाला हो म्हटलं की बाकीच्यांना एकच कारण पुरतं, जागा भरली. तुमचा जुना अर्ज सापडलाय. घ्या कुणाला तरी, तात्पुरतं. पण यापुढे फळ्यावर भरती हा शब्द दिसता कामा नये."

पंधरा दिवसांनी, पुन्हा शनिवारी, बाई होडीत बसल्या. चौथ्या बेटावर एकच झाड होतं. त्याखाली चार माणसं मावतात, पाय आखडले तर पाच, हे त्यांनी स्वतः बसून पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्यांचा हात सवयीने घड्याळाकडे गेला आणि तसाच परत मांडीवर आला. पाणी पायाशी आलं होतं, त्यांना न विचारता. बाई कितीतरी वेळ नुसत्या हसत होत्या.

परतताना म्होरक्याने डोळ्यांवर हात धरला. "बाई, धक्क्यावर पुन्हा रांग दिसतेय."

"फायली आहेत का?"

"नाही. बादल्या आहेत."

फळ्यावर सुरेख टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'आज पाणी ११.०५ वाजता. वेळ चुकवू नये.' चष्मेवाली रडकुंडीला आली होती. "मॅडम, मी तो शब्द टाळला हो!"

समोर अख्खा समुद्र काठोकाठ भरलेला होता, आणि रांगेतल्या पहिल्या आजी रिकामी बादली आपटून म्हणत होत्या, "दीड तास झाला उभी आहे, अजून पाण्याचा थेंब नाही!"