निःपक्षपाती पंच मिळण्याबाबत

न्याय ही वस्तू समाजाला अत्यंत आवश्यक आहे. फक्त ती देणाऱ्या माणसाने नंतर त्याच भागात पोट भरता कामा नये. ही गोष्ट मोठमोठ्या कोर्टांना फार पूर्वीच कळली असावी, कारण तिथला न्यायाधीश नेहमी दुसऱ्या जिल्ह्यातून आणतात आणि जरा ओळखीपाळखी झाल्या की परत पाठवतात. पश्चिम खानदेशात शहाद्याकडच्या तोरखेडी आणि सावळपिंप्री या दोन गावांना मात्र ती मुलांच्या हुतुतूवरून शिकावी लागली.

दरवर्षी दिवाळीनंतर, खळी मोकळी असताना, या दोन गावांच्या सोळा वर्षांखालील मुलांचा सामना होई. बक्षीस पितळी गडूचे. (सोळा वर्षे मोजण्याची सोय कोणाकडे नव्हती. तेव्हा ज्याला स्वतःला मूल झाले आहे त्याला मुलगा समजू नये, असा नियम ठरला. यामुळे तोरखेडीचा एक चांगला गडी गेला.) खेळ साधा होता. समोरच्या अंगणात शिरायचे, एका दमात हुतुतू म्हणत कोणाला तरी शिवायचे आणि दम तुटण्याआधी मधल्या रेषेला हात लावायचा. दम तुटला तर आपणच बाद. बाकी सगळे डोळ्यांना दिसते. दम मात्र ऐकावा लागतो, आणि तो ऐकायला पंच लागतो.

पंचांचा आजवरचा अनुभव समाधानकारक होता असे म्हणवत नाही. पहिल्या वर्षी शाळेचे मास्तर पंच झाले. त्यांनी एक निर्णय तोरखेडीविरुद्ध दिला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या गावातल्या सगळ्या म्हशी एकदम आटल्या. निदान मास्तरांपुरत्या तरी आटल्या. दुसऱ्या वर्षी देवी टोचणारे साहेब आले. त्यांना पाहताच दोन्हीकडची मुले दंड धरून ज्वारीत पळाली, सबब दोन्ही संघ बाद. तिसऱ्या वर्षी एका बुवांना बसवले. त्यांनी प्रत्येक चढाईला ‘शेवटी सगळ्यांचाच दम तुटायचा आहे’ असे म्हणत सगळ्यांनाच बाद केले. हे खोटे आहे असे कोणालाच म्हणता येईना, पण खेळ पुढे सरकेना.

चौथ्या वर्षी तोरखेडीचे चुडामण पाटील आणि सावळपिंप्रीचे सुकलाल पाटील असे दोघे बसले आणि त्यांनी म्हसावदच्या इद्रिस पिंजाऱ्याला पंच नेमले.

निवड विचारपूर्वक होती. इद्रिसला शेत नव्हते, त्यामुळे बांध नव्हता. त्याची सोयरीक दोन्ही गावांत नव्हती आणि व्हायची भीतीही नव्हती. थंडीच्या तोंडावर खांद्यावर पिंजण टाकून तो दोन्ही गावांत फिरे आणि गाद्या-रजयांचा कापूस पिंजून देई. त्याचे अर्धे वर्ष त्या दोन महिन्यांच्या कामावर निघे. तो आपल्यालाच जास्त घाबरतो, असा दोन्ही पाटलांना मनोमन विश्वास होता. यालाच निःपक्षपातीपणा म्हणतात.

इद्रिसला याचा आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. आजवर त्याला गावाने ओट्यावर बोलावले होते ते ‘कापूस जास्त उडाला’ हे सांगायला. त्याने ईदचा सदरा पेटीतून काढला. त्याची बायको मेहरुन्निसा सदऱ्याकडे बघत म्हणाली, “कापूस पिंजने बुलाया होता तो अच्छा था.”

“इज्जत का काम है,” इद्रिस म्हणाला.

“वोइच बोल रही मैं,” ती म्हणाली आणि सदरा झटकून दिला.

सामना चांगला झाला. शेवटच्या चढाईपर्यंत दोन्ही संघ बरोबरीत होते. ती चढाई तोरखेडीच्या नवलची होती. नवल म्हणजे खुद्द चुडामण पाटलांचा मुलगा. नवलने आत शिरून दोघांना शिवले आणि परत फिरला. रेषा हाताभरावर असताना सावळपिंप्रीच्या चार पोरांनी त्याला घेरून खाली पाडले आणि चौघेही त्याच्यावर पडले. धूळ उडाली. त्या ढिगातून एक हात बाहेर आला आणि रेषेकडे सरकू लागला. खालून हुतुतू येत होते, पण कुठून येते ते समजत नव्हते.

इद्रिस धुळीत आडवा झाला आणि त्याने ढिगाला कान लावला. त्याला हुतु ऐकू आले, मग काही नाही, मग तू. तेवढ्यात हात रेषेला लागला.

तो उठला, सदरा झटकला आणि म्हणाला, “दम तुटना.”

म्हणजे दम तुटला होता, नवल बाद. सावळपिंप्रीचे लोकसुद्धा आधी चुडामण पाटलांकडे पाहू लागले. पाटील चिडले नाहीत. ते पुढे आले आणि समजुतीने म्हणाले, “इद्रिसभाई, आखो एकदाव आयकी ल्या.”

“आते कसं आयकू, पाटील? तो तं गया.”

“दम गया. पन पोऱ्या तं आठेच शे ना.”

पोरगा इथेच आहे, या मुद्द्याला कोणाला हरकत घेता येईना. नवलला पुन्हा त्याच जागी झोपवण्यात आले. तीच चार पोरे पुन्हा त्याच्यावर ठेवली (सावळपिंप्रीचे एक पोर आता हलके पडते, अशी तक्रार झाली, म्हणून एक जादा घातले). नवलने खालून हुतुतू सुरू केले. ते थांबेचना. एक म्हातारा मध्ये चिलीम भरून आला तरी चालूच होते. मग चुडामण पाटील म्हणाले की, आत्ता पाच जणांखाली तुटत नाही तो मघाशी चार जणांखाली कसा तुटेल? हिशोब चोख होता. सावळपिंप्रीच्याही दोन-तीन जणांनी माना हलवल्या.

इद्रिसच्या समोर त्याचे निम्मे गिऱ्हाईक उभे होते आणि डाव्या हाताला उरलेले निम्मे. खोटे बोलायचे तर ते आत्ताच बोलायला हवे, हे त्याला कळत होते. तो म्हणाला, “आतेना दम नही तुटना. मघासना तुटना.”

गडू सावळपिंप्रीला गेला.

त्यानंतर तोरखेडीत इद्रिसला काम मिळेना, यात नवल काही नाही. तो गल्लीतून पिंजण वाजवत जाई आणि घराघरांतून उत्तर येई की, अवंदा थंडी नाही. (त्या वर्षी थंडीने तापीकाठची केळी काळी पडली.) कोणी शिवी दिली नाही, कोणी दगड मारला नाही. नुसते ‘राम राम’ बंद झाले.

म्हणून तो सावळपिंप्रीला गेला. त्याला वाटत होते तिथे तरी चहा मिळेल. चहा मिळाला. सुकलाल पाटलांनी त्याला ओट्यावर बसवले, त्याच्या न्यायबुद्धीची तोंडभर तारीफ केली आणि मग म्हणाले, “पन इद्रिसभाई, अवंदा तुले आमना गावमा काम नही देता येवाव.”

“कसाले, पाटील?”

“तू निकाल आमना बाजूघाई दिधा. आते तुले काम दिधं तं लोके म्हनतीन, आधीच ठरेल व्हतं. तुन्हा नाववर डाग लागी.”

इद्रिसने थोडा विचार केला. “आनि मी निकाल तुमना इरुद्ध दिधा असता तं?”

“तं मंग काम कसाले देतूत?” सुकलाल पाटलांनी विचारले. त्यांना खरोखरच प्रश्न समजला नव्हता.

अशा रीतीने इद्रिसला एका गावाने रागाने आणि दुसऱ्या गावाने आदराने बंद केले. आदर जास्त महाग पडला, कारण राग निवळतो. इद्रिस पिंजण घेऊन पार खांडबाऱ्याच्या बाजारापर्यंत जाऊन आला. तिथले पिंजारे आधीच तिथे होते. तो घरी आल्यावर दोन दिवसांनी मेहरुन्निसा भाकरी थापता थापता म्हणाली, “सच्ची टूटा था क्या?”

“मेरेको तो वैसाच सुनाई दिया.”

“मैं वो नही पूछी,” ती म्हणाली.

त्या रात्रीपासून इद्रिसची झोप उडाली. हुतु, मग काही नाही, मग तू. ते मधले काही नाही म्हणजे तुटलेला दम होता, की एखाद्या पोराचे पोट नवलच्या तोंडावर आले होते, हे त्याला आता सांगता येईना. सांगता येत नाही, हे सांगायलाही कोणी उरले नव्हते.

पौषात थंडी आणखी वाढली आणि चुडामण पाटलांची आई भिकुबाई हिची गादी दगडासारखी झाली. तिने मुलाला हाक मारली. “इद्रिसले बलाव.”

“माय, त्यानी आपला पोऱ्याले बाद करं.”

“मी हुतुतू खेळस का रे? माले थंडी वाजी ऱ्हायनी. पंचले नको बलावू. पिंजाराले बलाव.”

पाटलांनी तोडगा मान्य केला. इद्रिसला निरोप गेला की, त्याने पिंजारा म्हणून यावे, पंच म्हणून येऊ नये. पंच सध्या परगावी गेला आहे, असे गाव समजेल. इद्रिस आला. अंगणात पिंजणीचा टणत्कार सुरू झाला तशा शेजारच्या चार घरांतूनही गाद्या बाहेर आल्या. थंडी तिथेही होती, फक्त आधी गादी कोणी काढावी हा प्रश्न होता. पाटील येता-जाता त्याला म्हणत, “तो पंच भेटना तं त्याले सांग, मी ईसरेल नही शे.” इद्रिस बरे म्हणे.

दुपारी नवल त्याला पाणी घेऊन आला. इद्रिसने तांब्या घेतला, पण प्यायला नाही. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्याने विचारले, “नवल, खरं सांग. त्या दिन तुन्हा दम तुटना व्हता का?”

नवलने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. “माले काय म्हायती, चाचा? मी चार जनसना खाले व्हतू. माले वाटनं तुमले म्हायती व्हई.”

इद्रिस पाणी प्यायला आणि पुन्हा कापूस पिंजू लागला.

पुढच्या वर्षी दोन्ही पाटील मिळून त्याच्या दारात आले. तुझ्याइतका निःपक्षपाती माणूस पंचक्रोशीत नाही, असे दोघांनीही एकमताने सांगितले. इद्रिसने दोघांना चहा पाजला, हात जोडले आणि कान दुखतो म्हणून सांगितले. ती जागा तेव्हापासून रिकामी आहे. अट एकच आहे: उमेदवाराने दोन्ही बाजू नीट ऐकेपर्यंत आपले मत बनवू नये.

वाचकांनी कृपया अर्ज करू नयेत. नवल ढिगाखाली होता, इद्रिस धुळीत होता आणि वाचक तर त्या गावातही नव्हते; तरीही दम तुटला की नाही, हे त्यांचे केव्हाच ठरून गेले आहे.