जांभळी म्हैस

मागच्या बाजाराच्या दिवशी आखाडा बाळापूरला संतरामअप्पांनी विजेच्या खांबाला रामराम केला. त्यानं ओळख दाखवली नाही म्हणून जाब विचारायला परत फिरले, तेव्हा कुठं तो खांब असल्याचं कळलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण घरात बोलायची सोय नव्हती. "डोळ्याला काही झालं तर मोटारसायकलची चावी माझ्याकडं," असं बायकोनं, सुमनबाईंनी, आधीच बजावलं होतं, आणि मोटारसायकल म्हणजे अप्पांचा जीव की प्राण.

अशात नांदेडला चित्रकला शिकणारी त्यांची लेक प्रियंका सुट्टीला आली, ती भलंमोठं चित्र घेऊनच. कयाधू नदीकाठचं आपलंच गाव, सकाळच्या उन्हातलं. तिनं ते बैठकीत टांगलं आणि बघायला सगळी आळी लोटली. शेजारचा ग्यानबा तर चित्राला नाक टेकवून उभा राहिला.

"पोरी, ह्याच्यात माझं घर कुठंय?"

"काका, ही इम्प्रेशनिस्ट पद्धत आहे. घरं नाही शोधायची, पाण्यावरचा उजेड बघायचा."

"उजेड दिसून राहिला. गाव न्हाई दिसून राहिलं."

सगळे खो खो हसले. पाणी सांडलं का, असं एकानं विचारलं. "वाळलं की व्हईल नीट," अशी दुसऱ्यानं समजूत घातली. प्रियंका गप्प झाली. तिचा चेहरा अप्पांना धड दिसत नव्हता, पण तिचं ते गप्प होणं त्यांच्या काळजाला लागलं. ते ताडकन उठले.

"काहून दिसत न्हाई? हे देऊळ. हा पार. ही पाण्यात बसली ती तुझीच म्हैस, ग्यानबा!"

"माझी म्हैस काळी हाय, भाऊ. ही जांभळी."

"जांभळीच हाय! रोज बघतो मी. कडंनं अशीच विरघळल्यावानी दिसते."

प्रियंकाच्या तोंडावर हसू आलं असावं, कारण तिनं "अप्पा!" म्हणून टाळी वाजवली. मग काय, अप्पांना जोर चढला.

सुमनबाई हळूच पुढं आल्या. "तुमाला गाव रोज असंच दिसतं?"

"बराबर असंच!"

"आन् माणसं?"

"माणसंबी! हा ग्यानबा उभा हाय ना, डोकं कुठं संपलं आन् खांदा कुठं लागला, काय पत्ता न्हाई."

सुमनबाईंनी खुंटीवरची चावी काढून पदराला बांधली. "दोन्ही डोळे झाल्याबिगर मिळायची न्हाई," त्या म्हणाल्या.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झकास झालं. काळा चष्मा लावून अप्पा घरी आले. त्यांना भिंतीवरची मुंगी दिसली, ग्यानबाच्या कानातले केस दिसले. मग ते मोठ्या हौसेनं चित्रासमोर जाऊन उभे राहिले. समोर नुसते रंगाचे फराटे! देऊळ गेलं, पार गेला, म्हैस तर कुठल्या कुठं.

"अप्पा, आता कसं दिसतंय?" प्रियंका मागंच उभी होती.

अप्पांनी चष्मा वर करून नव्या डोळ्यावर अलगद हात धरला. जुन्या डोळ्यापुढं धुकं हललं, कयाधू चमकली आणि जांभळी म्हैस जागच्या जागी येऊन बसली.

"बराबर हाय, पोरी. आपलंच गाव."

मग आत वळून त्यांनी हाक दिली, "अगं ए, चावी राहू दे तुझ्याकडंच. दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या साली बघू."