विचारलंच कोणी तर

“विचार ना, सकाळी मी कुठे गेलो होतो ते.”

“कुठे गेला होतात, सर?”

“मार्केट यार्डला. फुलं आणायला.”

“फुलं कशाला?”

“सांगतो. आधी चहा तर येऊ दे.”

माझ्या मागच्या टेबलावरचा हा पुरुषी आवाज ओळखीचा होता. म्हणजे पंचाईतच. आम्ही राहतो विश्रांतवाडीला. कात्रजच्या या हॉटेलात कोणी ओळखीचं भेटणार नाही म्हणूनच मी इतक्या लांब आले होते. ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर जेवायला जातेय, असं आईला सांगितलं होतं. मैत्रिणी नव्हत्याच. मी होते, डोसा होता आणि एक पुस्तक.

चहा आला तेवढ्यात त्यांच्यासोबतची मुलगी हळू आवाजात म्हणाली, “सर, दोन तास झाले. अजून एक तास थांबू का? नाहीतर मला दुसरीकडे जायचंय.”

सोबतीला तासावर मुली मिळतात, फोनवरून ठरतं, हे मी ऐकून होते. न राहवून वळले. आमच्याच बिल्डिंगमधले, पाचव्या मजल्यावरचे सबनीस काका. इस्त्रीचा शर्ट, समोर तिशीची एक नीटनेटकी मुलगी. काकांनी मला पाहिलं. मी काहीही विचारलं नव्हतं.

“ही माझी भाची,” काका म्हणाले. “अकोल्याची. डेंटिस्ट आहे.”

“निघू या का, मामा?” ती लगेच म्हणाली. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

मी मान डोलावली आणि डोशात डोकं खुपसलं. मी इथे एकटी काय करतेय, हे काकांनीही विचारलं नाही.

सबनीस काकांकडे उत्तरं नेहमी तयार असतात. अडचण एवढीच, की प्रश्न कोणी विचारलेला नसतो. कडक उन्हात छत्री घेऊन निघाले, की वॉचमनला सांगणार, “दुरुस्तीला नेतोय. विचारलंच कोणी तर माहीत असावं.” केस काळे केले तेव्हा म्हणाले, “डॉक्टरांनी सांगितलंय.” वॉचमन तेव्हा जांभई देत होता. दुधाची एक पिशवी जास्त घेतली, तर लिफ्टमध्ये शिरता शिरता, “विरजण लावायचंय. विचारलंच कोणी तर.” काका लिफ्टशी उभे दिसले, की आमच्याकडची माणसं तब्येतीसाठी जिना चढतात.

मी कात्रजचं कोणाला सांगेन, या भीतीने त्यांनी दोन दिवसांत सगळ्या बिल्डिंगला स्वतःच सांगून टाकलं. भाची, अकोला, डेंटिस्ट. पुढच्या रविवारी ते तिला घरी घेऊन आले, तर पार्किंगमध्ये शिंदे काकू गाल धरून उभ्याच.

“बरी सापडलीस. ही दाढ बघ गं जरा.”

काका पांढरे पडले. मुलीने शांतपणे मोबाईलचा टॉर्च लावला, काकूंच्या तोंडात बघितलं आणि म्हणाली, “रूट कॅनल लागेल, काकू. पण मामांकडे आले की मी काम करत नाही. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.”

खरंच रूट कॅनल लागलं. “भाची हुशार हो तुमची,” शिंदे काकू म्हणाल्या, तेव्हा काकांचा चेहरा खऱ्या मामासारखा फुलला होता. ते खोटं होतं हे क्षणभर मीही विसरले.

उन्हाळ्यात ती यायची बंद झाली. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन स्पीकरवर असतो. पार्किंगच्या बाकावर बसून ते पुन्हा पुन्हा नंबर लावायचे आणि हा नंबर अस्तित्वात नाही, हे आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं. भाची कुठे गेली, हे कोणीच विचारलं नाही. शिंदे काकूंची दाढ दुखायची थांबली होती. मी तर लिफ्टमध्ये मोबाईलमधून मान वर काढत नव्हते. पाहूनही न पाहिल्यासारखं करणं, हाच चांगुलपणा असं मला वाटायचं.

सबनीस काकू होत्या तेव्हा रोज सकाळी वरून आवाज यायचा, “अहो, कुठे निघालात?” परत आले, की पुन्हा, “कुठे गेला होतात?” आम्ही हसायचो. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. इतकी वर्षं हा माणूस त्याच दोन प्रश्नांची उत्तरं देत फिरतोय, हे माझ्या डोक्यात यायला फार उशीर झाला.

गेल्या रविवारी दुपारी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. इस्त्रीचा शर्ट. हातात कापडी पिशवी, पिशवीतून निशिगंधाचे दांडे वर आलेले. मला बघून काकांनी नेहमीसारखं तोंड उघडलं, मग माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. त्यांनी उत्तर देणं सोडून दिलं होतं.

दुसरा मजला गेला. तिसरा आमचा. दार उघडलं, मी उतरले नाही. दार बंद झालं.

“काका,” मी म्हटलं, “सकाळी कुठे गेला होतात?”