लोटारनं पाडलेलं भोक

बायको तीन आठवडे आरोग्यधामात गेली की शहाण्या माणसानं पेपर वाचत लोळावं. मी बाथरूमची दुरुस्ती काढली. "फोल्कमार, कशालाही हात लावू नकोस," असं हाइके जाताना दोनदा बजावून गेली होती. पण तिला सुखद धक्का द्यावा, असं माझ्या मनात आलं. (माझ्या मनात असं काही आलं की मला कुणीतरी कोंडून ठेवायला हवं.)

मदतीला लोटार आला. माझा तीस वर्षांपासूनचा मित्र, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला. आमच्या कासेलमध्ये मित्राला मजुरी देत नाहीत. कच्च्या खिम्याचे पाव आणि बिअर देतात. दोन्ही संपवून पाणीपुरवठ्याच्या या माणसानं पहिलंच भोक पाडलं ते थेट पाण्याच्या नळीत.

दिवाणखान्याची लाकडी जमीन हाइकेच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बसवली होती. तिथवर पाणी शिरून संध्याकाळपर्यंत फळ्या फुगून उठल्या. हाइके यायला बारा दिवस होते.

"घाबरतोस काय असा," लोटार म्हणाला. "सव्वीस वर्षं विमा भरतोय मी. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं की कंपनी भरून देते." तो चक्क खूश दिसत होता.

मी त्याच्या विमा कंपनीच्या ब्रिंकमानबाईंना फोन लावला.

"त्यांनी काम फुकट केलं?" बाईंनी विचारलं.

"अर्थात. मित्र आहे माझा."

"मग ते जबाबदार नाहीत. मैत्रीखातर मदत करणाऱ्याकडून भरपाई मागता येत नाही. ते जबाबदार नाहीत, म्हणून आम्हीही नाही. नव्या पॉलिसीत त्यासाठी वेगळं कलम असतं. त्यांची जुनी आहे."

"आणि मी त्याला पैसे दिले असते तर?"

"तर ते कर चुकवून केलेलं काम झालं असतं. दंड तुम्हाला बसला असता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काही मार्गच नाही का, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"अक्षम्य निष्काळजीपणा असेल तर विचार करता येईल. पण तसं त्यांनी लिहून द्यायला हवं."

लोटार कसला लिहून देतोय.

"एकतीस वर्षं नळ्या सांभाळल्यात मी. आता मूर्ख आहे म्हणून सही करू?"

"सही राहू दे. भोक पुरेसं आहे."

ड्रिल उचलून तो निघून गेला. मग मीच रागारागानं कंपनीला नऊ पानं लिहिली. लोटारच्या हातून माझी दोन कपाटं, एक दार आणि मोटारीचा आरसा कसा गेला, हे सगळं तारीखवार.

उत्तर आलं ते हाइके परतली त्याच दिवशी. उखडलेल्या जमिनीकडे बघत ती बॅगेवरच बसली. मला फार वाईट वाटलं. मग तिनं माझ्या हातातलं पत्र घेतलं आणि मोठ्यानं वाचलं: "आपल्या पत्रावरून स्पष्ट होते की, मित्राच्या अकौशल्याची तपशीलवार माहिती असूनही आपण त्याच्या हाती ड्रिल दिले. सबब अक्षम्य निष्काळजीपणा आपला आहे."

तिनं पत्राची नीट घडी घातली.

"लग्नापासून मी तोंडी सांगत आलेय," ती म्हणाली. "कंपनीनं लेखी दिलं. फ्रेम करून भिंतीवर लावू या. पण खिळा ठोकायला लोटारला बोलाव. तू हात लावू नकोस."