सरकत्या जिन्याचे जगतापकाका

जगतापकाका कुणाचाही कोपर धरतात. जिन्याची पायरी, फुटपाथची कड, बसचा दरवाजा, जिथे म्हणून पाऊल उचलायचं असतं तिथे ते न विचारता शेजारी उगवतात आणि म्हणतात, "डावा पाय, नजर वर!" कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत एक गिर्यारोहक राहायला आला. हिमालयात जाऊन आलेला. पहिल्याच दिवशी काकांनी त्याला दोन पायऱ्या चढवल्या. तो सेक्रेटरींकडे तक्रार घेऊन गेला. सेक्रेटरी म्हणाले, "मलाही धरतात. सवय होईल."

काका ज्या कंपनीत होते तिला ते नुसतं 'आपलं दुकान' म्हणतात. शेठचं लक्ष्मी रोडवर कापडाचं छोटं दुकान होतं. पुढे त्यांनी कोथरूडला मोठं भांडार काढलं. साड्या, भांडी, खेळणी, सगळं एका छपराखाली, आणि मधोमध सरकता जिना. लोक जिन्यासमोर चपला काढायला लागले. एक आजोबा पायरीला नमस्कार करायला वाकले, तोवर पायरी निघून गेली. शेवटी शेठनी साड्यांच्या काउंटरवरच्या जगतापांना जिन्यापाशी उभं केलं. येईल त्याचा हात धरायचा आणि चढवून द्यायचं. मग सातारा, सांगली, कोल्हापूर अशा शाखा निघत गेल्या, आणि प्रत्येक ठिकाणी काकांची रवानगी झाली.

"गाव चढायला शिकलं, की माझी बदली!" काका अभिमानाने सांगतात. सांगतानाही एका जागी उभे राहत नाहीत.

मालतीकाकू मात्र पुण्यातच राहिल्या. सासूबाई होत्या, मुलांच्या शाळा होत्या. काका सुट्टीला आले की काकू दारात म्हणायच्या, "या. किती दिवसांचा मुक्काम?"

पुढे मॉल आले, मग लोक मोबाइलवरूनच कपडे मागवायला लागले. एकेक शाखा बंद होत गेली. गेल्या महिन्यात कोथरूडची पाळी आली. काकांच्या गॅलरीत येरझारा सुरू झाल्या. रविवारी त्यांनी माझी बेल दाबली, ती मी दार उघडेपर्यंत सोडलीच नाही. "चला. आपलं दुकान बंद होतंय."

काकूही निघाल्या. त्यांना सेलमध्ये चादरी बघायच्या होत्या.

दुकानात ही गर्दी. काका थेट जिन्यापाशी जाऊन उभे राहिले आणि दिसेल त्याचा कोपर धरू लागले. एक मुलगी कानातला इअरफोन काढून म्हणाली, "अंकल, आय नो!" मॅनेजर तरुण होता, त्याला हे कोण ते ठाऊक नव्हतं. "काका, जरा बाजूला व्हा ना."

मी काकूंना विचारलं, "तुम्ही नाही जात वर?"

"मी कधीच गेले नाही."

"का?"

"नवीन जिना बसला तेव्हा हौसेने आले होते. ह्यांनी सगळ्या पुण्याचे हात धरले. मला म्हणाले, लोक बघतायत, तू साध्या जिन्याने जा. मी घरी गेले."

काकांनी ते ऐकलं असावं. ते घसा खाकरत आले. "मालती, चल."

"लोक बघतायत."

"बघू देत."

काकांनी त्यांचा हात धरला. कोपर नव्हे, हात. मी मागच्या पायरीवर होतो.

वर काहीच उरलं नव्हतं. रिकामे रॅक, भिंतीवर चिकटपट्टीचे डाग. काका लगेच वळले, "चला, खाली गर्दी आहे."

काकूंना कोपऱ्यात एक बाक दिसला. त्या बसल्या. "बसा जरा. साताऱ्यात तुम्ही राहायचात कुठे?"

"सांगितलं नाही का कधी?"

"नाही."

काका जिन्याकडे दोन पावलं गेले, परत आले. मग बसले. मी साध्या जिन्याकडे वळलो. मागून काकांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच हळू.

"एक खोली होती, दुकानाच्या मागे. दिवसभर काही वाटायचं नाही. पण दुकान बंद झालं, की कुणाशी बोलावं तेच कळायचं नाही गं."