दक्षता विभागाची गोधडी

आपल्या डोळ्यांत धूळ फेकणारा माणूस अजून गिरगावात जन्माला यायचाय, असं मनमोहनराव स्वतःच सांगत. दुसरं कुणी सांगत नसे, हा भाग वेगळा. बँकेच्या दक्षता विभागातून ते निवृत्त झाले होते, पण सवय काही जात नव्हती. दूधवाला हसून बोलला की दुधात पाणी, आणि हसला नाही तर नक्कीच पाणी. शेजाऱ्यांनी लग्नाचे लाडू पाठवले तर हे आधी पुडा उलटा करून बघणार, मग लाडू फोडून बघणार आणि मग सगळे खाणार. त्यांच्याबरोबर संसार करून करून नलूताई इतक्या सरावल्या होत्या, की साखर संपली हे सांगतानासुद्धा रिकामा डबा पुरावा म्हणून हातात घेऊन यायच्या.

तर अशा माणसाला नात झाली.

सून दर्शना बाळंतपणाला माहेरी, लालबागच्या चाळीत गेली होती. मनमोहनराव आणि नलूताई नातीला बघून आले. निघताना दर्शनाचे वडील गणपतराव चपला शोधून देता देता सहज म्हणाले, "रविवारी बारसं. पाळण्यात पहिली गोधडी आमची हां, व्याही. आजोळची. आमच्याकडे तशीच पद्धत."

मनमोहनरावांचा एक पाय चपलेत, एक बाहेर. "आमच्याकडे पहिली गोधडी बापाच्या घरची असते. माझे वडील, मी, आमचा अनिमेष, सगळे घरच्याच गोधडीवर लोळलो."

"मग आणा की. जी आधी येईल ती खाली," गणपतराव म्हणाले आणि हसले.

ते हसणं मनमोहनरावांना अजिबात आवडलं नाही. ज्या माणसाच्या मनात काही नसतं तो असा हसत नाही. टॅक्सीत बसल्यापासून ते एकच गोष्ट बोलत होते. गोधडी गिरगावचीच जाणार. नातीनं पहिल्यांदा पाठ टेकायची ती आपल्या घरच्या कापडावर, नाहीतर तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

आता, विकत आणून मोकळं व्हावं तर तीही सोय नाही. बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावायचं नसतं. जुनं, वापरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलंच लागतं. यावर मात्र गिरगाव आणि लालबाग यांचं एकमत होतं.

"मी शिवणार," मनमोहनरावांनी घरी येऊन जाहीर केलं.

नलूताई कणीक मळत होत्या. त्यांनी हात थांबवला. "तुम्ही? शर्टाचं बटण तुटलं तर तुम्ही शर्ट बदलता."

"मोबाइलवर व्हिडिओ बघितलाय मी. सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, एकीला एक जोडून शिवायच्या. मग आडवं कापायचं, तुकडे उलटसुलट लावायचे, की चौकटी तयार. सगळ्या सरळ रेषा. लहान पोर करेल. फक्त जुनं कापड दे."

"जुनं कापड कुठलं? परवाच बोहारणीला दिलं सगळं. हे बघा." आणि नलूताईंनी नवीकोरी स्टीलची पातेली दाखवली. जुने कपडे द्यायचे आणि भांडं घ्यायचं, हा त्यांचा बोहारणीशी वर्षानुवर्षांचा व्यवहार. पण दाखवताना त्यांनी नजर चोरली. मनमोहनरावांच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी तर कमालच झाली. नलूताई बाल्कनीत पाठमोऱ्या उभ्या राहून फोनवर हळू आवाजात बोलत होत्या. मनमोहनराव पडद्यामागे. "हो अंबिकाताई, गाठोडं माळ्यावर आहे. नाही हो, यांना काय कळतंय! रविवारच्या आत होईल."

अंबिकाताई म्हणजे विहीण. म्हणजे लालबाग. म्हणजे आपलीच बायको फितूर. मनमोहनराव पडद्यामागेच मटकन खाली बसले.

नलूताई भाजी आणायला बाहेर पडल्या न पडल्या तोच यांनी स्टूल लावून माळा गाठला. गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे, चादरीत बांधलेलं गाठोडं होतं. सोडलं तर आत मऊसूत सुती लुगडी. एक निळं, एक आमसुली, एकाचा काठ जरा विरलेला. हात लावला की सायीवर बोट फिरवल्यासारखं वाटत होतं. सोबत एक चौकड्यांचा शर्ट, तो तर जवळजवळ नवाच. नलूताईंनी जन्मात नऊवारी नेसलं नव्हतं. तेव्हा हा माल कुठून आला, याचा छडा मनमोहनरावांनी स्टुलावर उभ्या उभ्याच लावला. नलूनं आजूबाजूच्या घरांतून जुनी लुगडी गोळा केली आणि ती आता लालबागला रवाना होणार. गिरगावचं कापड, आणि नाव गणपतरावांचं!

आधी माल जप्त करायचा, चौकशी मागाहून करायची. नोकरीभर ते हेच करत आले होते.

बाहेरच्या दाराला आतून कडी लावून त्यांनी काम सुरू केलं. पट्ट्यांची रुंदी स्टीलच्या पट्टीनं मोजली. पण एकाच मोजमापावर विश्वास ठेवायचा कसा? म्हणून अर्ध्या पट्ट्या नलूताईंच्या टेपनं मोजल्या. त्या टेपचं टोक कधीच तुटलेलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे अर्ध्या पट्ट्या जाड निघाल्या आणि अर्ध्या बारीक. मनमोहनरावांनी कात्रीवर संशय घेतला.

मग पायमशीन. पहिली शिवण झक्क आली. दुसरीही. तिसरी घालताना ते इतके रंगले, की मांडीवरची लुंगी पट्टीच्या जोडीनं सुईखाली सरकत होती याचा त्यांना पत्ताच नव्हता. शिवण संपवून उठायला गेले तर गोधडी उठेना, लुंगी सुटेना. नेमकी तेव्हाच बेल वाजली.

"कोण?" मनमोहनराव आतूनच ओरडले.

"मी."

"मी कोण?"

"अहो, मी नलू. भाजीच्या पिशव्या आहेत हातात."

"मग किल्ली का नाही नेलीस?"

"नेलीय. आतून कडी कुणी घातलीय?"

मनमोहनरावांनी कात्री उचलली, देवाचं नाव घेतलं आणि लुंगी कापली. गाठोड्याची चादर आणि पट्ट्या कपाटात कोंबून, कमरेला टॉवेल गुंडाळून त्यांनी दार उघडलं. नलूताईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"लुंगी कुठे गेली?"

"धुवायला टाकली."

लग्न झाल्यापासून या माणसानं स्वतः होऊन रुमालसुद्धा धुवायला टाकला नव्हता. आता संशय घ्यायची पाळी नलूताईंची होती. पण त्यांना तेवढी उसंत मिळाली नाही. भाजी ठेवून त्या माळ्यावर चढल्या आणि वरून नुसतं "अगं बाई" एवढंच ऐकू आलं. खाली उतरल्या तेव्हा चेहरा पांढराफटक. पातेली हातात घेऊन त्या तिच्याकडे अशा बघत राहिल्या, जणू आत कुणी बुडालंय.

"काय झालं?" मनमोहनरावांनी साळसूदपणे विचारलं.

"काही नाही. दोन गाठोडी होती... मी बोहारणीला एकच दिलं ना? की घाईघाईत दोन्ही?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि पायात चपला सरकवून बाहेर पडल्या.

पाणी कुठंतरी मुरतंय, हे ओळखून मनमोहनरावही टोपी घालून मागोमाग निघाले. नलूताई खेतवाडीच्या एकेका गल्लीत शिरून दिसेल त्याला विचारत होत्या, "बोहारीण दिसली का हो? टोपलीत स्टीलची भांडी, हिरवी साडी?" मनमोहनराव उसाच्या रसाच्या गाडीआड उभं राहून सगळं ऐकत होते. त्यांना आता लख्ख समजलं. बोहारीण ही बोहारीण नव्हतीच. ती लालबाग आणि गिरगाव यांच्यातला निरोप्या होती.

"तुम्ही इथे काय करताय?" नलूताई अचानक समोर उभ्या.

"रस पितोय."

"तुम्हाला साखरेचा त्रास आहे ना?"

"म्हणून नुसता बघतोय."

त्या एवढ्या गडबडलेल्या होत्या, की तशाच पुढच्या गल्लीत शिरल्या. रात्री जेवल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "माणसानं विश्वासानं काही ठेवायला दिलं आणि आपल्या हातून गेलं, तर काय करावं हो?" मनमोहनरावांना जरा वाईट वाटलं. पण फितुराची दया करायची नाही, असं मनाला बजावून ते कुशीवर वळले.

इकडे नलूताई बोहारणीच्या शोधात बाहेर पडल्या, की गोधडी पुढे सरके, पण आपल्या मर्जीनं. प्रत्येक शिवण मनमोहनराव एकाच टोकाकडून सुरू करत आणि कापड ओढून धरत. त्यामुळे पट्ट्यांवर पट्ट्या चढत गेल्या तसा सगळा प्रकार एका बाजूला वाकत चालला. सरळ रेषेचं केळं झालं. आडवं कापून तुकडे उलटसुलट लावले, तेव्हा केळ्याच्या चकत्या झाल्या. चौकटींचे कोपरे एकमेकांना भेटायला तयारच नव्हते. मनमोहनरावांनी मशीनवर, दोऱ्यावर आणि व्हिडिओतल्या बाईवर आळीपाळीनं संशय घेतला. शेवटी खाली जुनी चादर लावून, कडेनं हातानं धावदोरा घालून, बोटांना सुया टोचून घेत त्यांनी ती पुरी केली. मग हात फिरवून बघितली. वाकडी होती, पण मऊ होती. हे मी केलं, असं मनात येऊन त्यांचे डोळे एकदम भरून आले. खोलीत कुणी नाही ना, हे त्यांनी वळून बघितलं.

रविवारी कागदात गुंडाळलेली गोधडी काखोटीला मारून ते लालबागला पोचले. चाळीची गॅलरी बायकांनी भरली होती. खोलीत पाळणा सजला होता, पण अंबिकाताईंचा चेहरा उतरलेला. नलूताई त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होत्या आणि पदरानं डोळे टिपत होत्या. गणपतराव अंगाला घट्ट बसणाऱ्या जुन्या शर्टात पोट आत ओढून उभे होते.

"व्याही, आमची गोधडी काही झाली नाय," ते म्हणाले. "तुमची आणली असलीत तर तीच टाका."

मनमोहनरावांना हाच क्षण हवा होता. त्यांनी कागद सोडला आणि गोधडी पाळण्यावर पसरली. बायका पुढे झाल्या. कुणी मान उजवीकडे कलवून बघितलं, कुणी डावीकडे. अंबिकाताईंनी एका निळ्या पट्टीवर बोट ठेवलं. मग आमसुलीवर.

"ह्यां माझ्या आवशीचां लुगडां," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या आईचं. हेही तिचंच."

नलूताई पाळण्याशी धावल्या. "अहो, हे तुम्हाला कुठे मिळालं?"

मनमोहनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. मी शिवली म्हणावं, तर विहिणीच्या आईची लुगडी चोरून कापली असं होतं. नाही म्हणावं, तर नातीच्या पाळण्यात आपल्या हातचं काहीच उरत नव्हतं. दोन्हीकडून मरण.

"शिंप्याकडून शिवून घेतली," ते खाकरून म्हणाले. "कापड त्याचंच. त्यानं कुठून आणलं, मला काय माहीत?"

"बोहारणीनंच विकलं असणार त्याला," नलूताई म्हणाल्या. त्यांच्या जिवात जरा जीव आला.

गणपतरावांनी गोधडीचं एक टोक उचललं. दुसरं टोक आपोआप भलतीकडेच वळलं. "शिंप्यानं शिवली? कुठल्या गल्लीत बसतो?"

"तिकडेच... आपल्या इथेच."

"नाय व्याही. शिंपी एवढं वाकडं शिवायला लागला तर दुपारपर्यंत दुकान बंद होईल. हे कुणीतरी हौसेनं शिवलंय."

सगळ्या बायका मनमोहनरावांच्या बोटांकडे बघू लागल्या. बोटांवर सुयांच्या खुणाच खुणा. चौकशीत पुरावा असा बोटांवरच सापडला, की पुढे कबुलीच येते, हे मनमोहनरावांना नोकरीपासून ठाऊक होतं.

"मीच शिवली," ते म्हणाले. "गाठोडं माळ्यावरनं मीच काढलं. मला वाटलं, नलू गिरगावचं कापड तुम्हाला पोचवतेय."

"अहो, कापड यांचंच होतं!" नलूताईंचा बांध फुटला. "इथे एका खोलीत बाळ-बाळंतीण. मशीन लावलं की बाळ दचकून उठतं. म्हणून अंबिकाताईंनी आईची लुगडी आधीच अनिमेषच्या हाती माझ्याकडे शिवायला पाठवली होती. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही मशीनला कुलूप घातलं असतंत. आणि मी आठवडाभर त्या पातेलीत तोंड घालून रडतेय."

मनमोहनरावांनी मान खाली घातली. एवढ्यात गणपतरावांना गोधडीच्या कोपऱ्यात काहीतरी दिसलं. ते वाकले, बारकाईनं बघितलं आणि सरळ झाले.

"नलूताई, माझा चौकड्यांचा शर्ट बाह्या आखूड करायला दिला होता. आज घालायचा म्हणून."

"हो, गाठोड्यातच होता."

"झाल्या आखूड," गणपतराव म्हणाले.

आधी हसल्या त्या अंबिकाताई. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गोधडी छातीशी धरून त्या म्हणाल्या, "आवस माझी असती तर आज पाळण्याजवळ बसली असती. आता आतच बसलीय." आणि त्यांनी ती पाळण्यात अंथरली. बाळाला वर ठेवलं. दर्शनानं सासऱ्यांकडे बघून पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते मनमोहनरावांना कळलं नाही.

"पण मग ही गोधडी कुणाची म्हणायची?" एका म्हातारीनं विचारलं.

"कापड लालबागचं, वाकडेपणा गिरगावचा," गणपतरावांनी निकाल दिला.

बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली आणि पाळणा हलला, तशी बाळानं हात पसरले, एक जांभई दिली आणि डोळे मिटले. सगळा दिवस रडून चाळ डोक्यावर घेतलेली पोर अशी गपकन झोपली, की सगळे थक्क झाले.

"बघा, आवडली तिला तुमची गोधडी," नलूताई कौतुकानं म्हणाल्या.

मनमोहनराव पाळण्यावर वाकले आणि बराच वेळ नातीच्या पापण्या न्याहाळत राहिले. "नलू, ही झोपलीय ना खरंच? की सोंग करतेय?"

"अहो, एवढंसं बाळ ते. ते कशाला सोंग करेल?"

"सांगता येत नाही," मनमोहनराव नलूताईंच्या कानाशी कुजबुजले. "जन्मल्यापासून लालबागला आहे."